रेडिओ गप्प आहे

९ फेब्रुवारी

ताई,

तुमचा फोन काल मी दोनदा कापला आणि तिसऱ्यांदा उचलून नुसताच श्वास घेत बसलो. राग मानू नका. फोनवर माझ्या तोंडाचा भरवसा नाही. तोंडात तीळ भिजत नाही असं ज्याच्याबद्दल म्हणतात ना, तो मीच. लिहिताना हात तोंडापेक्षा हळू चालतो, म्हणून हे पत्र.

मी कोण ते तुमच्या दादांनी सांगितलं असेल, तरी माझ्याकडूनही ऐका. इथल्या एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून मी काचा घासतो आणि फ्रेमा बसवतो. एके दिवशी पुढच्या खोलीत एक म्हाताऱ्या बाई आल्या आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बघून स्वतःशीच म्हणाल्या, "अरे मेल्यांनो, ही अक्षरं तरुणपणीसुद्धा मला वाचता आली नसती." ताई, या गावात मराठी बोलणारं दुसरं कुणीही नाही. मी हातातली काच टाकून पळत बाहेर आलो. काच फुटली, मालकीणबाई ओरडल्या, आणि त्या म्हाताऱ्या बाई, म्हणजे तुमच्या आई, माझ्या काकू झाल्या.

दर रविवारी दुपारी मी काकूंकडे जायचो. मी बोलायचो, त्या ऐकायच्या. फार झालं की म्हणायच्या, "बंद कर रे रेडिओ, चहा निवला." तेच माझं नाव पडलं. तुमचे दादा जहाजावर, वर्षातला बराच काळ पाण्यावर. त्यामुळे त्या घरात बोलणारा मी आणि नळ, दोघंच.

आता मुद्द्याचं. मी तुमच्या धर्माचा नाही. कन्फेशन म्हणजे काय ते मला काकूंनीच शिकवलं. मनावर मोठं पाप असेल तर वर्षातून एकदा तरी फादरपुढे जाऊन सांगायलाच हवं. काय केलं आणि किती वेळा केलं, दोन्ही सांगायचं. सांगेपर्यंत कम्युनियन, म्हणजे फादर देतात तो प्रसादाचा पाव, घ्यायचं नाही. इथल्या फादरांना मराठीचा गंध नाही आणि काकूंना इथल्या भाषेतलं "ब्रेड" आणि "थंडी" एवढंच येत होतं. म्हणून आल्यापासून चार वर्षं त्या चर्चमध्ये जायच्या, आणि सगळे उठून पुढे रांगेत गेले की एकट्याच बाकावर बसून राहायच्या. मला म्हणाल्या होत्या, "नापास झालेली पोर वर्गात बसते ना, तशी बसते मी."

दिवाळखोरीत निघालेल्या त्यांच्या हृदयानं डिसेंबरात पहिला इशारा दिला. तेव्हा त्यांनी मला फादरांकडे पाठवलं. फादर भले गृहस्थ. म्हणाले, शब्द नसले तरी चालतं, छातीवर हात ठेवून मान डोलावली तरी मी समजेन. मी निरोप दिला तर काकू उसळल्या. "समजायचं काय त्यात? मला ते बोलायचंय!"

मग फादर म्हणाले, दुभाषी चालेल. पण आतलं एक अक्षरही त्याला जन्मभर बाहेर काढता येणार नाही. बायकोपुढे नाही, डॉक्टरपुढे नाही, कोर्टातही नाही. काकू माझ्याकडे बघून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "सगळं जग सोडून हाच मिळाला का रे देवा मला!" पण मिळाला होता तो मीच.

जानेवारीत फादर घरी आले. काकूंनी तीन खुर्च्या मांडल्या. फादर खिडकीशी, स्वतः मध्ये, आणि मी त्यांच्या पाठीमागे, म्हणजे माझं तोंड त्यांना दिसायला नको. चष्मा काढून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "आता तू माणूस नाहीस. तू माझा चष्मा." मग मी दार लावलं.

ताई, दार लावलं इथपर्यंतच मी सांगू शकतो. पुन्हा उघडलं तेव्हा मी कुणाकडे न बघता जिना उतरून गेलो. चष्मा माझ्या खिशातच राहिला. दुसऱ्या दिवशी काकूंना दवाखान्यात हलवलं आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. शेवटी त्यांना कुणाचा चेहराही नीट दिसला नसेल, याची मला फार टोचणी आहे.

तुम्ही फोनवर एवढंच विचारलंत, "आईनं माझं नाव घेतलं का?" त्याचं उत्तर माझ्याकडून येणार नाही. घेतलं असेल तरी नाही आणि नसेल तरी नाही. मला माफ करा.

तुमचा,
काचा घासणारा


२० फेब्रुवारी

चष्मेवाले भाऊ,

पत्र मिळालं. चांगलं लिहिता. आईनं तुम्हाला रेडिओ का म्हटलं ते कळलं. पण नेमकं स्टेशन लागल्यावर खरखर सुरू होते तुमची.

तुम्ही दार लावलं इथपर्यंत सांगितलंत, आता मी दाराअलीकडचं सांगते, म्हणजे मी कशासाठी जीव टाकतेय ते तुम्हाला समजेल. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे येणार, असं सगळे धरूनच चालले होते. ती स्वतःही. माझा नवरा तेव्हा नुकताच गेला होता. घरात खोल्या तीन. मी एकटी. मी आईला म्हणाले, माझ्याकडे जागा नाही, तू दादाकडे जा. तिसऱ्या खोलीत मी शिवणयंत्र आणि रिकामे खोके ठेवले होते. मला कुणी नको होतं, भाऊ. सकाळी उठून कुणाला "झोप झाली का" म्हणायचं नव्हतं. आईनं खोक्यांकडे बघितलं, आणि पिशवी उचलून गेली.

त्यानंतर चार वर्षं ती माझ्याशी फोनवर बोलली नाही. दादा घरी असला की तो बोलायचा, मागून भांड्यांचा आवाज यायचा. "आई कशी आहे?" "बरी आहे." झालं.

आणि आता तुम्ही लिहिता की चार वर्षं ती बाकावर एकटी बसून राहिली. चारच का हो? इथे असताना ती दर महिन्याला कन्फेशनला जायची, आणि त्यात सांगायची काय, तर दूधवाल्यावर चिडले! मोठं पाप म्हणजे काय असतं ते मला लहानपणी तिनंच शिकवलंय. मनात कुणाबद्दल द्वेष धरून ठेवायचा, तो सोडायला नकार द्यायचा, हे मोठं पाप. मग सांगा, तिच्या मनात कोण होतं?

तिनं मला क्षमा केली की नाही, एवढं एक वाक्य मला हवंय. बाकी तिची सगळी पापं तुमच्याकडे राहू द्यात, मला नकोत. तुम्ही आमच्या धर्माचेसुद्धा नाही. नरकात जायची भीती तुम्हाला नाही. फादर तुमचे कुणी लागत नाहीत. मग कसलं बंधन घेऊन बसलात? मी तिची मुलगी आहे. तुम्ही रविवारी चहाला येणारा माणूस.

कठोर लिहिलं असेल तर सोडून द्या. उत्तर मात्र द्या.

काकूंची मुलगी


४ मार्च

ताई,

रविवारी चहाला येणारा माणूस, हे बरोबर आहे. वाईट वाटलं, पण खोटं काही लिहिलं नाहीत तुम्ही.

बंधन कसलं म्हणता? मलाही आधी तसंच वाटलं होतं. फादरांनी हात वर करून शपथ वगैरे काही घ्यायला लावली नाही. नुसतं "चालेल ना?" विचारलं आणि मी आपलं "हो हो" म्हणून गेलो, माझ्या सवयीनं. आता तेच "हो हो" निस्तरतोय. ताई, काकू माझ्यापुढे पाठ करून बसल्या होत्या. ज्या माणसाला गल्लीत कुणी साधी पावसाची बातमी गुपित म्हणून सांगत नाही, त्याच्यासमोर. त्यांनी दुसरा कुणी नव्हता म्हणून मला घेतलं, हे खरंच. पण घेतलं ना? आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्याजवळ काही ठेवलं. ते मी विकून खाऊ?

तुमचं पत्र घेऊन मी फादरांकडे गेलो. तुम्ही काय लिहिलंय ते सांगितलं नाही, फक्त विचारलं की समजा कुणी रडून विचारलं तर "काळजी करू नका" एवढं तरी म्हणता येतं का. ते म्हणाले, "ते म्हणालात तर ते उत्तरच झालं. आणि एकाला म्हणालात तर पुढच्या वेळी जिला नाही म्हणणार, तिनं काय समजायचं?" मी विचारलं, मग मी करू काय? म्हणाले, "माझ्यासारखं. गप्प राहायचं." त्यांच्याकडे बघितलं, ताई. इतकी वर्षं गावातल्या सगळ्यांचं पोटात घेऊन हा माणूस एकटाच पाव कापत बसतो. मला पहिल्यांदा त्यांची दया आली.

माझं काय चाललंय सांगतो, हे सांगायला बंदी नाही. दुकानात मी आता बोलत नाही. मालकीणबाईंना वाटतं मी नोकरी सोडणार. शेजारच्या औषधवाल्यानं परवा विचारलं, "ती तुमच्या देशाची म्हातारी गेली म्हणे, काय झालं होतं तिला?" तर मी आजाराचं नावही सांगितलं नाही. कारण माझं तोंड एकदा उघडलं की कुठे थांबेल ते मला माहीत नाही. आधी हृदय सांगेन, मग जिना, मग खुर्च्या. म्हणून सुरुवातच करत नाही. रविवारी दुपारी काकूंच्या रस्त्यानं जातो, खिडकीला आता वेगळे पडदे आहेत. घरी येऊन भांडी घासताना मराठीत बोलतो. स्वतःशीच. तेही हवापाण्याबद्दल.

काकूंचा चष्मा तुमच्याकडे असायला हवा. एक काडी ढिली झाली होती, ती दुरुस्त करून आजच वेगळ्या पार्सलानं पाठवतोय. काचांना ओरखडा नाही. त्या फार जपून वापरायच्या, आणि शिव्या देत पुसायच्या.

तुमचा,
चहाला येणारा


११ मार्च

भाऊ,

तुमचं उत्तर अजून नाही. रोज टपालाची वाट बघून माझा जीव टांगणीला लागलाय. शाळेच्या वाचनालयात पुस्तकं देते-घेते मी, परवा एका बाईंना पुस्तकाऐवजी माझा डबा दिला.

काल दादा बोलला की आईचा चष्मा अजून तुमच्याकडेच आहे. मला एक सुचलंय. नीट वाचा. तुम्हाला बोलायचं नाहीये ना? बोलू नका. लिहायचं नाहीये, लिहू नका. फक्त चष्मा पाठवा. आईनं मला क्षमा केली असेल तर काड्या उघड्या ठेवून पाठवा. नसेल तर मिटून. यात तुम्ही एक अक्षरही बाहेर काढत नाही. फादरांनाही हरकत घ्यायला जागा नाही. मी कुणाला सांगणार नाही. दादालासुद्धा नाही.

कुठल्याही उत्तराला माझी तयारी आहे. मिटलेला आला तरी मी तुम्हाला दोष देणार नाही. पण काहीतरी येऊ द्या हो. नुसत्या भिंतीवर डोकं आपटायचं तरी किती?

ताई


१७ मार्च

माझ्या रेडिओभाऊ,

उघडा आला!

तुमचं नकाराचं पत्र परवाच आलं, ते वाचून मी तुम्हाला मनातल्या मनात बरंच बोलले, तेही माफ करा. काल पार्सल आलं. खोका चांगलाच मोठा. चष्म्याला एवढा खोका कशाला? कात्री सापडेना, दातांनी दोरी तोडली. कापसात आईचा चष्मा, दोन्ही काड्या पसरलेल्या, नुकताच कुणी नाकावरून काढून ठेवावा तसा.

भाऊ, कागदावर नाही म्हणालात आणि हातानं हो म्हणालात. तुमची कोंडी मला कळते. याबद्दल पुन्हा कधी एक शब्द काढणार नाही.

दुपारी मी तिसऱ्या खोलीतले खोके बाहेर काढले. शिवणयंत्र खिडकीपाशी सरकवलं. लादी पुसली. शेजारीण विचारायला आली, पाहुणे येणार का? मी म्हटलं, येऊन गेले. तिला वाटलं माझं डोकं फिरलं. मग दोघी हसलो. मला आठवत नाही मी याआधी कधी हसले होते. रात्री स्वयंपाक केला, नुसता चहा-पाव नाही, स्वयंपाक. आणि झोपले ती सकाळी दूधवाल्यानं दार बडवलं तेव्हा उठले.

तुमचे उपकार कसे फेडू?

तुमची ताई


२८ मार्च

ताई,

तुमची दोन्ही पत्रं माझ्यापुढे आहेत. काड्यांबद्दलचं आधी आलं, आनंदाचं नंतर. पहिलं वाचलं तेव्हाच उशीर झाला होता. कारण पार्सल तेव्हा केव्हाच निघून गेलं होतं. मनात म्हटलं, देवा, वाटेत हरवू दे ते. ते हरवलं नाही.

मला हे लिहायला फार जड जातंय. चार दिवस मी लिहिलं नाही. फादरांकडेही गेलो नाही. ते काय म्हणतील ते मला आता पाठ आहे. वाटलं, गप्प बसलो तर काय बिघडतं? मी कुठे खोटं बोललो? ताईंनी खोली पुसली, जेवल्या, झोपल्या. असू दे की. पण मग तुम्ही जन्मभर मी दिलेल्या उत्तरावर जगाल, आणि ते उत्तर मी दिलेलं नाही.

झालं असं. ढिल्या काडीचा स्क्रू घट्ट करून त्यावर आम्ही एक थेंब चिकट औषध सोडतो, म्हणजे तो पुन्हा फिरत नाही. ते वाळेपर्यंत काडी मिटायची नाही, मिटली तर बिजागरी आखडते. टपाल कचेरी बंद व्हायची वेळ झाली होती. म्हणून मी चष्मा उघडाच कापसात ठेवला आणि मोठा खोका शोधला. कुणाचाही चष्मा असता तरी मी तेच केलं असतं. तुमचं पत्र तेव्हा मला मिळालं नव्हतं, मिळणं शक्यच नव्हतं.

ते हो नव्हतं, ताई. नीट वाचा, ते नाहीही नव्हतं. सकाळी वेळ मिळाला असता तर मिटून आला असता, तरीही ते काहीच नसतं. आणि तुमचं पत्र आधी मिळालं असतं, तर मी काड्या काढून वेगळ्या पाकिटात आणि काचा वेगळ्या पाकिटात पाठवल्या असत्या.

तुमचं हसू मी हिसकावून घेतोय, मला माहीत आहे. मला शिव्या द्या. काकूंनी दिल्या असत्या. पण मी त्यांचा चष्मा होतो. चष्म्यानं स्वतःच्या पदरचं काही दाखवायचं नसतं.

मला रडू येतंय, म्हणून अक्षर असं आहे.

रेडिओ


१९ मे

ताई,

तुमच्याकडून काही नाही. दीड महिना उलटून गेला. मी दारातून पत्र पडायची चाहूल घेत बसतो, आणि पडतं ते विजेचं बिल.

मी माफी मागायला लिहीत नाही. मी जे केलं ते पुन्हा करावं लागलं तर पुन्हा करीन, मग माफी कसली? फक्त तुम्ही बऱ्या आहात, एवढं कळवा. कोरा कागद पाठवला तरी चालेल. त्याचा काही अर्थ लावणार नाही, शपथेवर सांगतो. अर्थ लावायची मला आता धास्तीच बसली आहे.

खरं सांगू का? काकू गेल्या तेव्हा मला वाटलं होतं की या गावात माझी भाषा संपली. मग तुमचं पत्र आलं, भांडणाचं का होईना. भांडण तरी मराठीत होतं. आता तेही थांबलं. दुकानात मी पुन्हा थोडा बोलायला लागलोय, "काच वाकडी बसली" आणि "उद्या या" एवढं. मालकीणबाई खूश आहेत. म्हणतात, तू किती शहाणा झालास. शहाणा कसला? मुका झालोय.

काकूंच्या चर्चमध्ये गेल्या रविवारी जाऊन बसलो. मागच्या बाकावर. सगळे उठून पुढे गेले आणि मी एकटा उरलो. तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात. चार वर्षं त्यांनी हेच बघितलं असेल. बाकी काही नाही.

तुमचा,
रेडिओ


२ जून

भाऊ,

मी बरी आहे. आधी तेच लिहिते, म्हणजे तुम्ही पुढचं शांतपणे वाचाल.

तुमचं काड्यांचं पत्र आलं तेव्हा मी ते फाडलं. मग जुळवून पुन्हा वाचलं. राग तुमचा आला नव्हता. पार्सलावरच्या शिक्क्याची तारीख मी पहिल्याच दिवशी बघितली होती, भाऊ. माझ्या पत्राच्या आधीची. मी अंगठा ठेवून ती झाकली आणि दातांनी दोरी तोडली. मला माहीत होतं. तरी मी खोके काढले, लादी पुसली. तुमचं पत्र येईपर्यंतचे ते दिवस मी उधारीवर जगले, आणि छान जगले. त्यांचा मला पस्तावा नाही.

मग बरेच दिवस काहीच केलं नाही. खोली रिकामी होती, तिच्यात जाऊन उभी राहायचे आणि परत यायचे. मेच्या शेवटी मी कन्फेशनला गेले. नवरा गेल्यापासून गेलेच नव्हते. आईला पाठवून दिल्यावर तर नाहीच, कारण गेले असते तर तेच सांगावं लागलं असतं.

आमचे फादर खूप म्हातारे झालेत, कानांनी अगदी अधू. मी जाळीशी तोंड नेऊन हळूच म्हणाले, आईला खोटं सांगून घराबाहेर ठेवलं. ते म्हणाले, मोठ्यानं. मी मोठ्यानं म्हणाले. ते म्हणाले, आणखी मोठ्यानं. शेवटी मी ओरडून सांगितलं की माझ्याकडे जागा होती. मागच्या बाकावरच्या बाईचं माळ ओढणं थांबलं, मला आवाजावरून कळलं. कुणाचं कन्फेशन चुकून कानावर पडलं तर ऐकणाराही तुमच्यासारखाच बांधला जातो म्हणे. म्हणजे ती बिचारीही आता अडकली. बाजारात मला बघून रस्ता बदलते.

मग मी दुसरं पाप सांगितलं. एका माणसाला मी त्याचा शब्द मोडायला लावत होते, असं म्हणाले. आधी रागावून, मग रडून, मग चष्म्याच्या काड्या घालून. फादरांनी विचारलं, कितीदा. मी म्हटलं, प्रत्येक पत्रात. त्यांनी विचारलं, मोडला का त्यानं. मी म्हटलं, नाही. ते जाळीला टेकले. मला वाटलं डुलकी लागली. मग म्हणाले, त्या माणसाला एक पत्र लिही. त्यात एकही प्रश्न विचारायचा नाही. हेच तुझं प्रायश्चित्त.

मी मनात म्हटलं, एवढंच. दहा प्रार्थना सांगतील असं वाटलं होतं. घरी येऊन लिहायला बसले तेव्हा समजलं म्हातारा किती पोचलेला आहे ते. चार कागद फुकट गेले. दोन ओळी झाल्या की पेन आपोआप तिकडेच वळतं. हे पाचवं पत्र आहे. वरचे दोन प्रश्न फादरांचे, माझे धरू नका.

तर मी तुम्हाला सांगते, विचारत नाही. तिसऱ्या खोलीत आता मी झोपते. सकाळी तिथे आधी ऊन येतं, हे मला इतकी वर्षं या घरात राहून माहीत नव्हतं. शिवणयंत्राला तेल घातलंय आणि शेजारणीचे पडदे शिवायला घेतलेत. तिला माप दिलं तर ती उलटं लिहून आणते. शाळेतल्या एका बाईंना डबा दिल्याचं लिहिलं होतं, त्या आता रोज माझ्याबरोबर जेवतात. त्यांच्या डब्यात मीठ नसतं. रविवारी मी चर्चमध्ये बाकावरून उठून पुढे गेले. परत येऊन बसले तेव्हा शेजारच्या बाईनं सरकून जागा करून दिली.

आईचं म्हणाल तर मी एवढंच समजून घेतलंय. तिच्या मनात जे काही होतं, चांगलं किंवा वाईट, माझ्याबद्दलचं किंवा दूधवाल्याबद्दलचं, ते सगळं तिनं एकदा मोठ्यानं बोलून टाकलं, आणि ते तिच्याच भाषेत ऐकणारा एक माणूस तिथे होता. मी नव्हते. ती जागा माझी होती आणि मी ती दिली नाही. तुम्ही होतात. मला उत्तर मिळालं नाही आणि आता मिळणारही नाही, त्याचं दुखणं राहील. पण ती न बोलता गेली नाही. माझ्यामुळे नाही, तुमच्यामुळे.

तुम्ही भांडी घासताना हवापाण्याबद्दल बोलता ते मला लिहीत जा. काचांबद्दल लिहा, मालकीणबाईंबद्दल लिहा. पानंच्या पानं लिहा, रेडिओ चालू ठेवा. मी ऐकेन आणि चहा निवू देईन.

पत्र आता परत वाचून बघितलं. शेवटाकडे एक प्रश्न निसटून गेला होता. तो मी गडद शाईनं खोडलाय. कागद उजेडाला धरून बघू नका.

तुमची,
ताई